अडचण प्लॉटची सांगा, घरातली नको

पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमध्ये आमचं घर आहे. आई-बाबा कायमचे राहायला येत आहेत आणि दोघांनाही जिना चढणं जमत नाही. म्हणून तळमजल्यावर मागच्या बाजूला एक बेडरूम आणि बाथरूम काढायची आहे. आर्किटेक्टने १६ बाय १८ फुटांचा आराखडा केला; तो आणि प्लॉटचा सर्व्हे (मोजणीचा नकाशा) सोबत जोडला आहे. झोनिंग ऑफिसरने परमिट नाकारलं. मागे ३५ फूट मोकळी जागा हवी, ती जेमतेम २१ उरते; आणि बांधकामाने प्लॉटचा २० टक्क्यांहून जास्त भाग व्यापला जातो. आता झोनिंग बोर्डाकडे ‘व्हेरिअन्स’, म्हणजे नियमातून सूट, मागायला सांगतात. बोर्ड काय बघून ठरवतं? डॉक्टरांचं पत्र आणि शेजाऱ्यांच्या सह्या जोडल्या तर काम होईल का? बोर्डावर एक जण ओळखीचे आहेत, त्यांच्याशी आधी बोलावं का? आई-बाबांसाठी छोटं किचनही त्यातच करून घ्यावं असं वाटतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, आधी बांधून टाका, परवानगी नंतर मागता येते.

उत्तर:

कॉन्ट्रॅक्टरचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यावर वाट बघण्यासारखं काही नाही. बांधायला सुरुवात करू नका. नंतर परवानगी मागता येते हे खरं आहे, पण तेव्हा बोर्ड ते बांधकाम झालेलंच नाही असं धरून अर्ज तपासतं. ‘आता एवढा खर्च झालाय’ ही अडचण धरली जात नाही, कारण ती तुम्ही स्वतः ओढवून घेतलेली असते. दरम्यान काम थांबवण्याचा हुकूम आणि दंड येऊ शकतो, आणि नकार मिळाला तर भिंती पाडाव्या लागतात. तो खर्च घरमालकाच्या अंगावर पडतो, कॉन्ट्रॅक्टरच्या नाही.

आता मूळ प्रश्न. बोर्ड काय बघतं हे कळण्यासाठी बोर्ड मुळात कशासाठी आहे ते बघावं लागेल. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात काय आणि किती बांधायचं याचा, नियम केला. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनेला धरून आहे असं ठरवलं. त्याच काळात केंद्राच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला, आणि त्यात गावोगावच्या बोर्डांना नियमातून सूट देण्याचा अधिकार होता. कारण सरळ आहे. नियम अख्ख्या झोनसाठी एकच असतो, प्लॉट मात्र सगळे सारखे नसतात. कुठे उतार, कुठे नाला, कुठे तिरकी हद्द. ज्या प्लॉटवर नियम इतरांपेक्षा जास्त जाचतो, तिथे थोडी मोकळीक देता यावी म्हणून व्हेरिअन्स आहे. म्हणजे ही सूट प्लॉटला मिळते, माणसाला नाही. तुम्ही उद्या घर विकलंत तरी ती जागेबरोबरच राहते. तुमच्या अर्जाची सगळी मांडणी या एका गोष्टीवरून ठरते.

न्यू जर्सीत हे सगळं १९७६ पासून लागू झालेल्या म्युनिसिपल लँड यूज लॉप्रमाणे चालतं. त्याच्या कलम ७० मध्ये व्हेरिअन्सचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि बोर्डाच्या ऑफिसात त्यांना ‘सी’ आणि ‘डी’ म्हणतात. मोकळी जागा, कव्हरेज (बांधकामाने प्लॉटचा किती भाग व्यापला ते), प्लॉटची रुंदी असे मापाचे प्रश्न ‘सी’मध्ये येतात. झोनमध्ये नसलेला वापर, ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त चटई क्षेत्र, जास्त घनता, उंचीत दहा फूट किंवा दहा टक्क्यांहून जास्त वाढ हे ‘डी’मध्ये. हा फरक नावापुरता नाही. ‘सी’साठी हजर सभासदांचं बहुमत पुरतं. ‘डी’साठी सात जणांच्या बोर्डातली किमान पाच मतं तुमच्या बाजूने पडावी लागतात, मग त्या रात्री हजर पाचच असोत की सातही. पुरावाही खूप जास्त लागतो.

तुमचा अर्ज आज ‘सी’ आहे. तो ‘सी’च राहील याची काळजी घ्या, आणि इथेच किचनचा प्रश्न येतो. एक कुटुंब, एक घर अशा झोनमध्ये दुसरं किचन म्हणजे बहुतेक गावांच्या नियमात दुसरं घर. त्यात बाहेरून स्वतंत्र दार असेल तर संशय आणखी वाढतो. मागच्या सेटबॅकमधून, म्हणजे हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेतून, थोडी सूट मागायला गेलेला अर्ज मग ‘एकाच्या जागी दोन घरं करू द्या’ असा होऊन बसतो आणि पाच मतांच्या खात्यात जातो. किचन काढून टाका. नवी खोली घराच्या आतूनच, रुंद दाराने, फॅमिली रूमला जोडलेली दाखवा. चहापाण्यासाठी लहानसा काउंटर आणि फ्रिज चालेल का, हे तुमच्या गावाच्या ऑर्डिनन्समधली, म्हणजे स्थानिक नियमावलीतली, ‘किचन’ची व्याख्या वाचून झोनिंग ऑफिसरला लेखी विचारा. स्टोव्ह किंवा त्यासाठीची २२० व्होल्टची लाइन दिसली की बहुतेक ठिकाणी ते किचनच धरतात. चटई क्षेत्राचं प्रमाण, ज्याला भारतात आपण एफएसआय म्हणतो, तेही तुमच्या झोनला लागू आहे का ते आत्ताच तपासा. लागू असेल आणि दोन-चार चौरस फुटांनी जरी ओलांडलं, तरी अर्ज ‘डी’ होतो.

‘सी’मध्ये सूट मागण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अडचणीचा. प्लॉट असाधारण अरुंद, उथळ किंवा वेड्यावाकड्या आकाराचा आहे. किंवा जमिनीची ठेवण तशी आहे. किंवा त्या प्लॉटला वा त्यावरच्या कायदेशीर जुन्या बांधकामाला लागू होणारी एखादी खास परिस्थिती आहे. आणि त्यामुळे नियम तंतोतंत पाळणं जाचक होतं. दुसरा मार्ग फायद्याचा. नियमातून सूट दिल्याने झोनिंगच्या हेतूंना होणारा फायदा नुकसानीपेक्षा जास्त आहे, असं दाखवायचं. या दुसऱ्या मार्गात १९८८ च्या कॉफमन खटल्यापासून एक गोष्ट पक्की आहे: फायदा वस्तीचा असायला हवा, फक्त मालकाचा नाही. मागच्या बाजूला बेडरूम बांधून वस्तीचं काय भलं होतं हे पटवणं कठीण. म्हणून तुम्ही पहिल्या मार्गाने जा.

आणि तुमच्याकडे त्यासाठी चांगली कारणं आहेत. ती तुमच्याच सर्व्हेमध्ये आहेत, पण आर्किटेक्टच्या आराखड्यात कुठेच बोलत नाहीत. सर्व्हे समोर ठेवून बघा.

तुमच्या झोनमध्ये किमान प्लॉट १०,००० चौरस फुटांचा आणि १०० फूट रुंद हवा. तुमचा ७५ फूट रुंद. मागची हद्द तिरकी आहे. डावीकडे खोली १०८ फूट, उजवीकडे ९२. म्हणजे क्षेत्रफळ ७,५०० चौरस फूट. हा प्लॉट आजच्या नियमापेक्षा एक चतुर्थांशाने लहान, आणि वर एका कोपऱ्यात कापल्यासारखा. ३५ फुटांचा मागचा सेटबॅक १०,००० फुटांच्या प्लॉटचा विचार करून ठेवलेला आहे. हीच तुमची ‘अडचण’, आणि ती आई-बाबांच्या तब्येतीशी संबंध नसलेली आहे.

आता तिरक्या हद्दीकडे नीट बघा. घर रस्त्यापासून ३० फुटांवर, ४४ रुंद आणि २८ फूट खोल. डावीकडे १५ आणि उजवीकडे १६ फूट मोकळे. आर्किटेक्टने नवी खोली उजव्या कोपऱ्याला जोडली आहे, बहुधा ड्रेनेजची लाइन त्या बाजूला असल्यामुळे. पण प्लॉट तिथेच सगळ्यात उथळ आहे. मागची मोकळी जागा हद्दीच्या सगळ्यात जवळच्या कोपऱ्यापासून मोजतात, आणि तो कोपरा हद्दीपासून जेमतेम २१ फुटांवर येतो. १४ फुटांची तूट. म्हणजे मागच्या सेटबॅकमधला ४० टक्के भाग तुम्ही माफ करायला सांगताय. बोर्डावरचा कोणीही पहिला प्रश्न हाच विचारेल: डावीकडे का नाही?

तीच १६ बाय १८ ची खोली डाव्या कोपऱ्याला सरकवली तर सगळ्यात जवळचा कोपरा सुमारे २६ फुटांवर येतो. तूट १४ वरून ९. ड्रेनेजची लाइन लांबवण्याचा खर्च वाढेल, पण ‘पाइप स्वस्त पडतो’ हे कारण बोर्डापुढे टिकत नाही. आता खोलीचा आकार बदलून बघा: १६ फूट खोल काढण्याऐवजी १२ फूट खोल आणि २२ फूट रुंद. १२ बाय १४ ची बेडरूम, शेजारी १२ बाय ८ ची बाथरूम. त्या बाथरूममध्ये व्हीलचेअर वळवायला लागणारं पाच फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ बसतं आणि उंबरठा नसलेला शॉवरही बसतो. या आकारात डावीकडचा जवळचा कोपरा हद्दीपासून सुमारे साडेएकोणतीस फुटांवर राहतो. म्हणजे तूट साडेपाच फूट. १४ फुटांची सूट मागणाऱ्याला बोर्ड सहज नाही म्हणू शकतं. साडेपाच फूट मागणारा, आणि तेही फक्त एका कोपऱ्यात (दुसऱ्या टोकाला जेमतेम एक फूट), कारण हद्दच तिरकी आहे असं दाखवणारा, त्याला नाही म्हणण्यासाठी कारण शोधावं लागतं.

कव्हरेजचं गणितही याच आकाराने सुटतं. ७,५०० चे २० टक्के म्हणजे १,५०० चौरस फूट. घराचे १,२३२, आर्किटेक्टच्या खोलीचे २८८ आणि कोपऱ्यातल्या दहा बाय दहाच्या शेडचे १००, मिळून १,६२०. हे २१.६ टक्के झाले. नुसतं शेड काढलं तरी १,५२० राहतात. वीस फूट जास्तच. पण १२ बाय २२ म्हणजे २६४ फूट. शेड काढून हा आकार घेतला तर बेरीज १,४९६ येते आणि कव्हरेजची सूट मागायचीच गरज उरत नाही. दोनऐवजी एकच सूट मागायची, आणि तीही कमी मापाची. मापं मात्र बाहेरच्या भिंतीपासून घ्या, साइडिंगसकट. हातात चारच फूट शिल्लक आहेत आणि आतल्या मापावर काढलेला आकडा तिथेच फसतो. छपराचा पुढे आलेला भाग किंवा पायऱ्या मोजतात की नाही, हे ऑर्डिनन्सच्या व्याख्येत बघा. कव्हरेजबरोबर बहुतेक गावांत पाणी न मुरणाऱ्या एकूण जागेची वेगळी मर्यादा असते. त्यात ड्राइव्हवे आणि पॅटिओही येतात. तीही आत्ताच मोजून घ्या. सुनावणीच्या रात्री ती निघाली तर नोटीसपासून सगळं परत करावं लागू शकतं.

शेड मुळात कव्हरेजमध्ये धरायलाच नको होतं असं व्याख्या वाचून वाटलं, तर तो वेगळा मुद्दा आहे. झोनिंग ऑफिसरच्या निर्णयाविरुद्ध अपील २० दिवसांच्या आत बोर्डाकडे द्यावं लागतं. व्हेरिअन्सच्या अर्जाला ही २० दिवसांची अट नाही.

‘खोली लहान करून नियमात बसवता येत असेल तर बसवा’ असं बोर्ड म्हणेल का? म्हणू शकतं, आणि त्यासाठी तयार राहा. डावीकडे नियमात बसणारी खोली साडेसहा-सात फूटच खोल निघते. त्यात पलंग टाकून बाजूने चालायला जागा उरत नाही, हे आर्किटेक्टने एका वेगळ्या कागदावर काढून दाखवावं. सूट नाकारली तर जागा पूर्ण निरुपयोगी होते असं सिद्ध करायची मात्र गरज नाही. नॉर्थ कॉल्डवेलमधल्या एका स्विमिंग पूलच्या प्रकरणात, लँग खटल्यात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. प्लॉटच्या वेगळेपणामुळेच सूट मागावी लागते आहे, हा संबंध दिसला पाहिजे.

एवढ्याने अर्धं काम होतं. दुसरं अर्धं म्हणजे वकील ज्याला निगेटिव्ह क्रायटेरिया म्हणतात ते: या सुटीने आजूबाजूच्यांचं मोठं नुकसान होणार नाही आणि गावाच्या झोनिंगच्या आराखड्याला धक्का बसणार नाही. हेही अर्जदारानेच सिद्ध करायचं असतं. कोणी विरोध केला नाही म्हणजे ते सिद्ध झालं, असं होत नाही. शेजारी प्रकाश, हवा आणि खाजगीपणा याबद्दल बोलतात, पण त्यांच्या मनात बऱ्याचदा पाणी असतं. नवं छप्पर आलं की पावसाचं पाणी कुठे जाणार? तुमच्या बॅकयार्डचा उतार मागच्या घराकडे असेल तर हा प्रश्न येणारच. छपराचे पाइप जमिनीखालच्या ड्रायवेलमध्ये, म्हणजे पाणी मुरवणाऱ्या खड्ड्यात, सोडलेले आराखड्यात आधीच दाखवा. मागच्या भिंतीला मोठी खिडकी न ठेवता बाजूला ठेवा. खोली एकाच मजल्याची आहे हे ठळक लिहा. मागच्या हद्दीवर कुंपण किंवा सदाहरित झुडपं असतील तर त्यांचे फोटो द्या. नसतील तर ती लावायची तयारी दाखवा.

फोटोंबद्दल एक काम या शनिवार-रविवारी करा. नव्या खोलीच्या चारही कोपऱ्यांवर लाकडी खुंट्या ठोका, त्यांना नारिंगी फीत बांधा आणि मागच्या हद्दीवरून घराकडे बघत फोटो काढा. मग डावीकडून, उजवीकडून, आणि शेजाऱ्यांनी परवानगी दिली तर त्यांच्या बॅकयार्डमधूनही. कागदावरचे २९.५ फूट कुणाला जाणवत नाहीत. फीत आणि कुंपण यांमधली जागा डोळ्यांनी दिसते. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून सेटबॅकची रेषाही त्याच फोटोत आणा, म्हणजे नियम ओलांडणारा भाग किती छोट्या निमुळत्या पट्टीचा आहे हे एका नजरेत कळेल. हे फोटो सुनावणीत पुरावा म्हणून द्यायचे असतात. कोणी, कधी, कुठून काढले ते मागे लिहून ठेवा.

आजूबाजूला अशाच खोल्या असतील तर त्याही दाखवा, पण जपून. प्रत्येक अर्ज स्वतःच्या बळावर ठरतो. ‘त्यांना दिली, मलाही द्या’ हे चालत नाही. वस्ती कशी आहे हे दाखवायला मात्र ते उपयोगी पडतं. गावाच्या क्लार्ककडे ओप्राखाली, म्हणजे सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली, अर्ज करून तुमच्या रस्त्यावरच्या जुन्या व्हेरिअन्सची रेझोल्यूशन्स, म्हणजे बोर्डाचे लेखी निर्णय, मागवा. त्यात बोर्डाने कोणत्या कारणांना मान दिला आणि कोणत्या अटी घातल्या हे दिसतं. कुणी परवानगी न घेता बांधलेल्या खोलीचं उदाहरण देऊ नका. त्याने तुमचं भलं होत नाही आणि शेजाऱ्याचं वाईट होतं.

आता डॉक्टरांचं पत्र. हे लिहिताना तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला कळतं. सगळी धडपडच आई-बाबांसाठी आहे. पण कलम ७० खाली मालकाची वैयक्तिक गरज ही अडचण धरली जात नाही. सूट प्लॉटबरोबर कायम राहणार असल्यामुळे आज घरात कोण राहतं हे बोर्डाने बघायचं नसतं. ‘खोली कशासाठी’ असं विचारलं तर एका वाक्यात खरं सांगा आणि पुढे प्लॉटकडे वळा. वीस मिनिटं तब्येतीबद्दल बोललात तर बोर्डाला सहानुभूती वाटेल, पण रेझोल्यूशनमध्ये लिहायला कायदेशीर कारण सापडणार नाही. आणि कारणाशिवाय दिलेली मंजुरी कोणी कोर्टात नेली तर ती टिकत नाही. एक अपवाद आहे. आई किंवा बाबांना कायद्याच्या अर्थाने अपंगत्व असेल, तर केंद्राच्या फेअर हाउसिंग कायद्याखाली झोनिंगच्या नियमात वाजवी सवलत मागता येते. तो व्हेरिअन्सपेक्षा वेगळा मार्ग आहे, तिथे डॉक्टरांचं पत्र उपयोगी पडतं, आणि त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या.

शेजाऱ्यांच्या सह्यांचा कागद बोर्ड बहुतेक वेळा हातातही घेत नाही. सुनावणी शपथेवर होते, आणि बोलणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क इतरांना असतो; कागदाला प्रश्न विचारता येत नाहीत. तुमच्या बाजूने असलेल्या शेजाऱ्यांना सुनावणीला प्रत्यक्ष यायला सांगा. मागच्या घरातले एक जण येऊन ‘मला हरकत नाही’ म्हणाले तर ते पन्नास सह्यांहून मोलाचं. त्यांना आराखडा आधीच घरी जाऊन दाखवा, आणि पाणी, खिडकी, झाडं याबद्दल त्यांचं काही म्हणणं असेल तर ते सुनावणीआधी आराखड्यात घ्या. नोटीस हातात पडल्यावरच ज्यांना ही बातमी कळते, ते सहसा विरोधालाच येतात.

बोर्डावरच्या ओळखीच्या व्यक्तीशी मात्र याबद्दल अक्षरही बोलू नका. बोर्डाचे सभासद न्यायाधीशासारखे बसतात आणि सुनावणीत मांडलेल्या पुराव्यावरच त्यांनी ठरवायचं असतं. बाहेर बोलणं झाल्याचं कळलं तर त्यांना बाजूला व्हावं लागतं आणि तुमचं एक मत जातं. जवळचे संबंध असतील तर त्यांनी न बोलताही बाजूला व्हायला हवं. अर्जाबद्दल जे काही विचारायचं ते बोर्डाच्या सचिवांना विचारा. ते त्यांचं कामच आहे.

सचिवांकडून अर्जाची चेकलिस्ट घ्या आणि तिच्यातली एकही ओळ रिकामी ठेवू नका. सही-शिक्क्याचा सर्व्हे, आराखडे, ऑफिसरचं नकारपत्र, प्रॉपर्टी टॅक्स भरल्याचा दाखला, फी, आणि एस्क्रोची रक्कम. एस्क्रोमधून बोर्डाचे इंजिनिअर, प्लॅनर आणि वकील यांचं बिल जातं; उरलेले पैसे परत मिळतात, संपले तर आणखी भरावे लागतात. प्लॉटची अपुरी रुंदी आणि क्षेत्रफळ या आधीपासूनच्या त्रुटीही अर्जात लिहा. अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे गावाला ४५ दिवसांत सांगावं लागतं. परिपूर्ण ठरल्यापासून १२० दिवसांत बोर्डाने निर्णय द्यायचा असतो. घर तुमच्या स्वतःच्या नावावर आहे, त्यामुळे वकील सक्तीचा नाही. घर एखाद्या एलएलसीच्या नावावर असतं तर लागला असता. आमच्या मते इथे वकिलापेक्षा राज्याचं लायसन्स असलेल्या प्लॅनरवर पैसे खर्च करणं जास्त उपयोगी. निगेटिव्ह क्रायटेरियावर प्लॅनरने दिलेली साक्ष वजनदार ठरते, आणि रेझोल्यूशन लिहिणाऱ्या बोर्डाच्या वकिलाला तिथूनच वाक्यं मिळतात.

अर्ज सगळ्यात जास्त कुठे अडतात, तर नोटीसमध्ये. तुमच्या प्लॉटच्या हद्दीपासून सर्व दिशांना २०० फुटांच्या आत येणाऱ्या प्रत्येक मालमत्तेच्या मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हातात किंवा सर्टिफाइड पोस्टाने. मालकांची यादी स्वतः बनवू नका. गाव ती अधिकृतपणे सात दिवसांत देतं. फी नावामागे २५ सेंट किंवा १० डॉलर, जे जास्त असेल ते. काउंटीचा रस्ता लागून असेल तर काउंटी प्लॅनिंग बोर्डाला, राज्याचा हायवे असेल तर परिवहन आयुक्तांना, आणि २०० फुटांत शेजारच्या गावाची हद्द येत असेल तर त्या गावाच्या क्लार्कलाही नोटीस जाते. जाहीर सूचना वेगळी. ती कुठे आणि कशी द्यायची हे सचिवांकडून लेखी घ्या. नोटीसमध्ये तारीख, वेळ, जागा, पत्ता किंवा लॉट-ब्लॉक नंबर, कागदपत्रं कुठे बघता येतील, आणि काय मागताय हे साध्या भाषेत हवं: एक मजली बेडरूम, मागे ३५ फुटांऐवजी २९.५ फूट. शेवटी ‘आणि आवश्यक ठरेल अशी इतर सूट’ हे शब्द घाला. पोस्टाच्या पावत्या जपा आणि नोटीस दिल्याचं शपथपत्र वेळेत द्या. त्या यादीतला एक मालक जरी सुटला तरी बोर्डाला अर्ज ऐकण्याचा अधिकारच राहत नाही, आणि चुकून ऐकलाच तर मंजुरी नंतर कोर्टात रद्द होऊ शकते.

सुनावणी त्या मानाने सरळ असते. बोर्डाचे वकील नोटीस तपासतात, तुम्हाला आणि आर्किटेक्टला शपथ देतात, फोटो आणि आराखड्यांवर ए-१, ए-२ असे क्रमांक टाकतात. मग साक्ष, बोर्डाचे प्रश्न, लोकांचे प्रश्न, लोकांचं म्हणणं आणि मतदान. आर्किटेक्टने सुरुवात तिरक्या हद्दीपासून करावी, खोलीपासून नाही. शेजाऱ्याने कडक शब्द वापरले तर उत्तर त्यांना देऊ नका, अध्यक्षांकडे बघून द्या.

मतदानाआधी बोर्डाची नाराजी दिसली तर मत घेऊ देऊ नका. ‘आराखडा सुधारून आणतो, सुनावणी पुढच्या तारखेला न्या’ अशी विनंती करा आणि मुदतवाढीला संमती द्या. तारीख तिथेच जाहीर झाली की नवी नोटीस लागत नाही. मतं समसमान पडली तर अर्ज नामंजूर धरला जातो, आणि एकदा नकार मिळाला की तोच अर्ज थोडा बदलून परत आणता येत नाही. ठळक फरक दाखवावा लागतो. त्या रात्री सभासद कमी असतील तरीही पुढची तारीख मागायला संकोच करू नका. गैरहजर सभासद रेकॉर्डिंग ऐकून किंवा लिखित नोंद वाचून, तसं लेखी देऊन, पुढे मत देऊ शकतात.

मंजुरीबरोबर अटी येतील: शेड काढणे, ड्रायवेल, दुसरं किचन करणार नाही अशी नोंद. तोंडी मतदानानंतर ४५ दिवसांत लेखी रेझोल्यूशन मंजूर होतं. ते शब्द न् शब्द वाचा आणि माप चुकलं असेल तर लगेच सांगा. निर्णयाची जाहीर सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस कोणीही कोर्टात जाऊ शकतं. त्या काळात बांधकाम सुरू केलं तर जोखीम तुमची. काही गावांत व्हेरिअन्स ठरावीक काळात वापरला नाही तर संपतो, तेही ऑर्डिनन्समध्ये बघून ठेवा.

या सगळ्या मुदती जोडल्या तर अर्ज दिल्यापासून निर्धास्तपणे खोदकाम सुरू करायला आठ महिन्यांहून थोडा जास्तच वेळ लागू शकतो; लवकर झालं तर चांगलंच. आई-बाबांची तिकिटं काढताना हे धरा, आणि ते आल्यावर काही महिने खालच्या फॅमिली रूममध्ये झोपायची सोय लागेल असं समजून तयारी करा. खोदकाम झालं की काँक्रीट ओतण्याआधी सर्व्हेअरला बोलावून फॉर्मवर्कचे कोपरे हद्दीपासून मोजून घ्या. रेझोल्यूशनमध्ये २९.५ फूट असेल आणि पाया २९.२ वर पडला, तर त्या चार इंचांसाठी परत बोर्डापुढे जावं लागेल.